गाळ उपसण्याआधी पाणी मोजा

शहरातली एखादी पाणथळ वाचवायची असं ठरलं की पहिली मागणी ठरलेली असते: पोकलेन लावा, गाळ काढा. मग काठाला दगडी पिचिंग, त्यावर जॉगिंग ट्रॅक, मधोमध कारंजं. एवढं सगळं झालं की दोन वर्षांनी हिरव्या पाण्याचं एक मोठं टाकं उरतं. त्यात एखादी टिबुकली (बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी) दिसली तर दिसते. लांब पायांचा शेकाट्या पक्षी उभा राहील अशी वीतभर पाण्याची जागा कुठेच नसते.

नाशिकमध्ये तरी हे पटायला अवघड जाऊ नये. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ १९०७ ते १९११ या काळात नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला. त्यामागे दोन्ही नद्यांचा गाळ साचत गेला. उथळ पाणी, बेटं आणि लव्हाळ्याचे पट्टे तयार झाले. पाणी साठवण्याच्या हिशेबाने जागा जसजशी निकामी होत गेली तसतशी ती पक्ष्यांच्या कामाची झाली. १९८६ साली तिथे अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून नाव जाहीर झालं. चापडगावच्या मनोऱ्यावरून जे दिसतं ते बहुतेक सगळं गाळाचं देणं आहे. गाळ असतो म्हणून पाणथळ बिघडत नाही. बिघडते ती वरून येणाऱ्या पाण्यामुळे आणि उभ्या कापलेल्या काठामुळे.

पुढचं सगळं एक-दोन हेक्टरच्या, काळ्या मातीवरच्या, नाल्याच्या पाण्यावर जगणाऱ्या जागांसाठी आहे. नासर्डी (आता नंदिनी), वाघाडी, वालदेवी यांच्या काठाने अशा जागा असतात. मोठ्या तलावाचं गणित वेगळं.

पाणी मोजायचं कसं

नाला पाणथळीत शिरतो तिथे व्ही-नॉच बसवा. ३ मिमी जाडीचा पत्रा घ्यायचा, त्यात ९० अंशाची, २० सेंमी खोल खाच कापायची आणि पत्रा नाल्याच्या आडवा, अगदी ओळंब्यात उभा रोवायचा. दोन्ही बाजू आणि तळ काळ्या मातीच्या गोण्यांनी बंद करायचा. खाचेतून पडणारं पाणी पलीकडे मोकळं पडलं पाहिजे. खाली साचलेलं पाणी खाचेच्या टोकाला टेकलं तर वाचन खोटं येतं. मोजपट्टी पत्र्यावर कधीच लावू नये. खाचेजवळ पाणी खाली वाकतं, म्हणून पट्टी किमान ६० ते ८० सेंमी वरच्या बाजूला, संथ पाण्यात, तिचं शून्य खाचेच्या टोकाशी जुळवून उभी करावी.

सूत्र सोपं आहे: पाण्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचा अडीचवा घात करा, १.३८ ने गुणा. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं. उंची ५ सेंमी असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या किंचित वर, म्हणजे दिवसाला सुमारे ६७ हजार लिटर. ७ सेंमी असेल तर दिवसाला १ लाख ५५ हजार. १० सेंमी म्हणजे ३ लाख ७७ हजार. दोन सेंटीमीटरच्या फरकाने आकडा दुपटीच्या पुढे जातो, म्हणून डोळ्याने अंदाज करून "थोडंसंच पाणी येतंय" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. खाचेत एक कॅरीबॅग अडकली तरी पाणी फुगतं. ती काढून दहा मिनिटं थांबा, मगच वाचन घ्या.

मोजणी डिसेंबर ते मे या काळात करायची, सलग सात दिवस, दिवसातून चार-पाच वेळा. सकाळी सात ते नऊ हा आंघोळी-भांड्यांचा वेळ, तेव्हा नाला चढतो. पहाटे तीन-चारला जे वाहतं ते बहुतांश झरे आणि फुटक्या पाइपांची गळती. ते वजा केलं की घरगुती सांडपाणी उरतं. माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्यातलं ८० टक्के सांडपाण्यात जातं असं धरलं तर दिवसाचे ६७ हजार लिटर म्हणजे सव्वासहाशेच्या आतबाहेर लोकांचं पाणी. वरच्या वस्तीत लोक त्याच्या चौपट असतील तर बाकीचं पाणी गटारात व्यवस्थित जातंय. लोक तितकेच असतील तर तिथे भुयारी गटाराची जोडणीच झालेली नाही. हा एक आकडा हातात घेऊन गेलं की महापालिकेतलं बोलणं मुद्द्यावर येतं.

आता दुसरी बाजू, जाणारं पाणी. एप्रिल-मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला साधारण ८ मिमी वाफ होते. एक हेक्टरवर ते ८० हजार लिटर झाले. म्हणजे ५ सेंमी वाहणारा नालासुद्धा मे महिन्यात पातळी टिकवू शकत नाही. शिवाय पाझर असतोच. तो मोजायला प्लास्टिकचं मोठं टब पाण्यात दगड ठेवून बसवा आणि त्यात बाहेरच्या पातळीइतकं पाणी भरा. टबातलं पाणी फक्त वाफेने उतरतं. बाहेरचं वाफेने आणि पाझराने. आठवड्याने दोन्हींतला फरक म्हणजे पाझर. हे करताना आत येणारं पाणी तेवढे दिवस वळवून ठेवावं लागतं, नाहीतर मोजणीला अर्थ नाही.

हे गणित आधी करायचं कारण असं की सांडपाणी पूर्ण वळवल्यावर मे महिन्यात पाणथळ महिन्याला २५ सेंमी उतरते आणि लोक घाबरतात. टँकर आणतात, बोअर सोडतात. तसं करू नये. दख्खनच्या पाणथळीने उन्हाळ्यात उतरायचंच असतं. उघड्या पडलेल्या चिखलात लव्हाळ्याचं बी रुजतं, गाळाला हवा लागून दुर्गंधी जाते, आणि तुतवार पक्ष्यांना खायला मिळतं ते त्याच चिखलात.

सांडपाणी

मुख्य गटार गुरुत्वाने पोहोचण्यासारखं असेल तर सरळ जोडून टाका. त्याहून चांगला उपाय नाही. नाल्यात अडवणूक चेंबर बांधताना ते कोरड्या दिवसांतल्या सरासरी प्रवाहाच्या तिप्पट पाणी गटाराकडे वळवू शकेल असं धरावं. त्याहून जास्त आलेलं पाणी उंबऱ्यावरून पाणथळीत येऊ द्यायचं. जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सर्वांत घाण असतं, चार महिन्यांची रस्त्यांची धूळ, तेल आणि नाल्यातला कुजका थर घेऊन येतं. ते वळवायला हाताने टाकायची फळी चेंबरवर असू द्या. पहिल्या पावसाला मासे मरतात ते याच पाण्याने.

गटार लांब असेल तर खडीचा वाफा, म्हणजे खडीत झाडं लावून तिच्यातून सांडपाणी गाळून काढणारा उथळ हौद. दिवसाला ६७ घनमीटर पाणी, आत येताना बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू, मिलिग्रॅम प्रतिलिटर) १०० आणि बाहेर जाताना २० हवी असेल तर नेहमीचं सूत्र (प्रवाह गुणिले दोन बीओडींच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग, भागिले ०.२) ५४० चौरस मीटर सांगतं. ७०० धरा. ५४० मध्ये पाणी पावणेदोन दिवसच थांबतं. ७०० मध्ये दोन दिवसांच्या वर जातं, आणि हिवाळ्यात जेव्हा निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा हा जादा वेळ उपयोगी पडतो. १४ मीटर रुंद आणि २५ मीटर लांब असे दोन वाफे करा. एकच मोठा केला तर दुरुस्तीच्या वेळी सगळं बंद ठेवावं लागतं.

वाफ्याआधी गाळ बसायची टाकी हवीच. गर्दीच्या वेळच्या प्रवाहाला तीन तास मिळतील एवढी, म्हणजे इथे साधारण २५ घनमीटर, आतून दोन कप्पे. तिच्या तोंडाशी २० ते २५ मिमी अंतराच्या सळयांची जाळी ४५ अंशात तिरकी लावा, दाताळ्याने ओढता येईल अशी. टाकी दोन-तीन महिन्यांनी उपसली नाही तर सगळा गाळ खडीत जातो, आणि खडी एकदा तुंबली की ती काढून धुण्याखेरीज उपाय नाही.

वाफा ६० सेंमी खोल, तळाला एक टक्का उतार. अस्तराला शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं कापड चालतं. द्राक्षबागांमुळे ते नाशिकला कुठेही मिळतं आणि जोडणारे कारागीरही. त्याच्या खाली आणि वर ५ सेंमी वाळू किंवा जाड जिओटेक्स्टाइल टाका, नाहीतर बेसाल्टच्या खडीची टोकं पहिल्याच दिवशी भोकं पाडतात. आत शिरायच्या आणि बाहेर पडायच्या तोंडाला मीटरभर पट्ट्यात ४० ते ८० मिमी दगड, मध्ये १० ते २० मिमी खडी. दोन्ही वाफ्यांना मिळून ४२० घनमीटर लागते, म्हणजे दीडशे ब्रासच्या जवळपास. ती धुतलेली हवी. क्रशरवरून थेट आणलेल्या खडीसोबत कच येते आणि वाफा सुरू व्हायच्या आधीच तुंबतो. ठेकेदार इथेच हात आखडता घेतो, म्हणून पहिल्या डंपरमधली खडी बादलीत घालून पाणी ओता. पाणी राखाडी झालं तर डंपर परत पाठवा.

बाहेरच्या तोंडाला फिरता एल्बो लावला की आतली पातळी हवी तशी ठेवता येते. लागवडीनंतर तीन-चार आठवडे पाणी खडीच्या पृष्ठभागाला टेकलेलं ठेवायचं, मग ५ ते १० सेंमी खाली उतरवायचं म्हणजे मुळं खाली धावतात. पुढे कायम तिथेच. खडीच्या वर पाणी दिसायला लागलं की समजावं, तोंडाशी तुंबलंय. आणि वर साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास होतात. चौरस मीटरला चार ठोंब, म्हणजे एकूण २८०० लागतील: नळ नावाचं उंच गवत आणि पाणकणीस मुख्य, कडेला कर्दळ. वर्षातून एकदा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमिनीपासून वीतभर ठेवून कापा आणि कापलेलं बाहेर न्या. तिथेच टाकलं तर जे शोषून घेतलं ते परत पाण्यात.

एक गोष्ट मात्र वाफा विकणारे सांगत नाहीत. स्फुरद (फॉस्फरस, शेवाळाचं खत) यात फारसं कमी होत नाही. बीओडी उतरली, वास गेला, तरी पाणथळीत शेवाळ होणार. ते आटोक्यात ठेवायचं काम काठावरच्या वनस्पतींचं आणि दरवर्षीच्या कापणीचं.

मग गाळ

आता गाळाकडे बघू. लांब बांबू घ्या, दर १० सेंमीवर रंगाचा पट्टा मारा आणि दर १० मीटरवर दोन वाचनं घ्या: बांबू मऊ थराला टेकला ती खोली, आणि जोर लावूनही जात नाही ती खोली. दोहोंतला फरक म्हणजे गाळाची जाडी. चार-पाच ठिकाणी ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप दाबून, वरचं तोंड बुचाने बंद करून ओढून काढा. वर काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा थर, त्याखाली राखाडी, त्याखाली वाळल्यावर भेगाळणारी मूळची काळी माती. पोकलेनने त्या मातीपर्यंत जायचं आणि थांबायचं. तीच जागेचं अस्तर आहे. ती फोडून मुरमात गेलं की पाणथळ गळकी होते, आणि मग शुद्ध काळी माती १५-१५ सेंमीच्या तीन थरांत, ओल बघून, रोलरने दाबून बसवावी लागते. ओल बरोबर आहे का ते बघायला मातीचा लाडू करून कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून भुगा झाला तर कोरडी, चपटा होऊन चिकटला तर फार ओली. दोन-तीन तुकडे झाले तर ठीक.

सगळीकडून एक मीटर गाळ काढायचा म्हटलं तर एका हेक्टरला १० हजार घनमीटर, साडेतीन हजार ब्रास. एवढं लागतच नाही. नाल्याच्या तोंडाशी एक गाळसापळा आणि मध्यभागी १५ टक्के जागेवर दीड-दोन मीटरचा डोह पुरे. माशांना मे महिन्यात तेवढाच आसरा लागतो. १५०० चौरस मीटरवर ८० सेंमी काढलं तर १२०० घनमीटर, सव्वाचारशे ब्रास. ओला गाळ लगेच भरू नका. आतच ढीग करून आठ-दहा दिवस निथळू द्या. नाहीतर अर्धा रस्त्यावर सांडतो आणि दुचाकीवाल्यांचे शाप लागतात ते वेगळेच.

धरणांचा गाळ शेतात टाकायची सरकारी योजना सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे शहरातला गाळही शेतकऱ्यांना देऊन टाकू असं कुणीतरी हमखास सुचवतं. तपासल्याशिवाय अजिबात नाही. धातूंना मुलामा देण्याचं काम जिथे चालतं त्या बाजूच्या नाल्यांच्या गाळात क्रोमियम, निकेल, जस्त असण्याची शक्यता धरूनच चालावं. शिसं आणि कॅडमियमही तपासून घ्यावं. काचा, सुया, ब्लेड तर प्रयोगशाळेशिवायच दिसतात. चांगला निघालेला गाळसुद्धा बाहेर नेण्यापेक्षा काठाचा उतार आणि बेटं करायला वापरावा. वाहतुकीचा खर्च वाचतो आणि मूळचं बी जागेवरच राहतं.

काठ

सगळ्यात कमी पैसे आणि सगळ्यात जास्त डोकं इथे लागतं. वर्षभरात पाणी ६० सेंमी वर-खाली होतं असं धरा. काठाचा उतार एकास दोन असेल तर ओल्या-कोरड्याचा पट्टा १.२ मीटर रुंद मिळतो. एकास दहा असेल तर ६ मीटर. एका हेक्टरच्या पाणथळीला ४०० मीटर काठ असतो. म्हणजे एकीकडे जेमतेम ४८० चौरस मीटर आणि दुसरीकडे २४०० च्या घरात. लव्हाळे, बेडूक, चतुर, पाणलावे, वंचक यांचं सगळं जग त्या पट्ट्यात असतं. दगडी पिचिंगला हा पट्टा शून्य. एका बाजूला रस्ता असेल तर तिथे उभी भिंत राहू द्या, भांडत बसू नका. बाकी तीन बाजू एकास दहा, कुठे एकास पंधरा करून घ्या. दगड किंवा जाळीतले दगड फक्त नाल्याच्या तोंडाशी.

आखणी गवंड्याच्या पारदर्शक नळीने होते. दर पाच मीटरला बांबूची खुंटी आणि तिच्यावर तयार पातळीची लाल फीत. पोकलेनवाल्यांना बकेटने थापटून काठ गुळगुळीत करायची सवय असते, आणि बघणाऱ्यांनाही तेच आवडतं. थापटलेल्या ओल्या काळ्या मातीचा वरचा थर वाळला की विटेसारखा होतो. ठोंबाची मुळं त्याच्यावरून आडवी पसरतात आणि पहिल्या पुरात चटईसारखी उचलली जातात. म्हणून ढेकळं तशीच राहू द्या, वीतभर उंच-सखल चालेल. बघायला आलेला माणूस "काम अर्धवट सोडलंय" म्हणाला तर काम बरोबर झालंय. लाटांनी किंवा म्हशींनी काठ खचत असेल तिथे काथ्याचे ३० सेंमी जाडीचे रोल अर्धे पाण्यात, दर मीटरला बांबूच्या मेखा मारून टाकावेत. दोन-तीन वर्षांत ते कुजतात, तोपर्यंत मुळं धरतात.

बेट करायचं तर पूर्ण भरल्या पातळीच्या ३० सेंमी वर माथा, त्यावर बारीक मुरूम, झाडं नकोत. भोवतीचं पाणी मे महिन्यातही मीटरभर राहील अशा जागी करा. नाहीतर एप्रिलमध्ये भटकी कुत्री चालत जातात आणि टिटवीची सगळी अंडी एका सकाळी संपतात.

बर्गे

पाणी बाहेर पडतं तिथे ठाम सांडवा बांधू नका. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला असतात तसे बर्गे ठेवा: मीटरभर रुंदीच्या खाचा, त्यात १५ सेंमी उंचीच्या फळ्या. सागाच्या किंवा फायबरच्या. लोखंडी बर्गे चोरीला जातात, हे जलसंपदा खात्यातला कुणीही सांगेल. फटींतून गळणारं पाणी काळी माती आणि गवताच्या काल्याने बंद होतं.

मे संपायच्या आत सगळे बर्गे बाहेर. हे काम नेमकं एका माणसाचं असू द्या. राहिले की जुलैत बांध फुटतो, आणि तो बर्ग्यांच्या जागी न फुटता शेजारच्या मऊ भरावात फुटतो. सप्टेंबर अखेरीला पाऊस ओसरला की एकेक घालत पूर्ण भरून घ्यायचं. पाहुणी बदकं येतात तोवर पातळी बसलेली हवी. फेब्रुवारीपासून दर पंधरा दिवसांनी एक फळी काढायची, पण एका दिवसात दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त उतरू न देता, म्हणजे फळी आधी थोडी उचलून ठेवायची. झपकन उतरवलं की ओला काठ घसरतो आणि उथळातली माशांची पिल्लं अडकून पडतात.

गोदावरीच्या जवळच्या जागांना आणखी एक पेच असतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की फुगवट्याचं पाणी वाघाडी-नासर्डीतही मागे चढतं. म्हणजे पाणथळीत पाणी खालच्या तोंडाने शिरतं. खडीचा वाफा आणि गाळाची टाकी त्या पातळीच्या वरच हवी. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या; निळीच्या आत नवा भराव टाकला तर तुमचं पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं आणि परवानगीही मिळत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांत नदीचं पात्र आणि पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले साठे बसत नाहीत, त्यामुळे आपली जागा नेमकी कशात मोडते हे सातबारा आणि नकाशा समोर ठेवून आधी ठरवून घ्यावं.

पाणवेली, बेशरम, पाणकणीस

पाणवेली ही खरं तर पाण्यातल्या खताची पावती आहे. अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि दाट थराचं वजन चौरस मीटरला २५ किलोपर्यंत सहज जातं. हेक्टरला २५० टन. तीन टनांची ट्रॉली धरली तर ऐंशीच्या वर खेपा. म्हणून ओढून काठावर, पुराच्या पातळीच्या वर, पातळ थरात पाच-सहा दिवस वाळवायची आणि मग हलवायची. वाऱ्याच्या दिशेने ती एका कोपऱ्यात गोळा होते; तिथे बांबू आणि रिकाम्या कॅनचा तरंगता दोर टाकून अडवली की निम्मं काम होतं. वरच्या नाल्यातली आधी, खालची नंतर. उलटं केलं की महिन्याभरात पुन्हा तेच.

तणनाशक मारू नये. मेलेला थर तळाला जातो, कुजताना प्राणवायू खातो आणि दोन दिवसांत मासे वर येतात. एका झटक्यात सगळी काढणंही बरं नाही. सावली जाते, खत तसंच असतं, आठवड्यात पाणी वाटाण्याच्या सूपासारखं होतं. तिसरा-तिसरा हिस्सा काढत जा आणि मोकळ्या जागेत कुमुद लावा. चिखलातलं बी पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात तळ उघडा पडल्यावर पहिल्या पावसात जी बारीक रोपं उगवतात ती हाताने उपटायला माणसं ठेवावीच लागतात. जुलैतला एक माणूस ऑक्टोबरातल्या ट्रॉलीभर वेली वाचवतो.

बेशरमाचं नावच पुरेसं आहे. कोयत्याने तोडून तिथेच टाकलं की प्रत्येक तुकडा रुजतो. मुळासकट उपटा, दगडावर किंवा पत्र्यावर वाळत घाला, जमिनीला टेकू देऊ नका. चीक विषारी असतो, हातमोजे घाला.

पाणकणीस हवंही आणि नकोही. पंचवीस टक्के जागेपर्यंत ठीक. सोडून दिलं तर उथळ भाग पूर्ण व्यापतं. त्याच्या कंदाला हवा दांड्यातून मिळते. म्हणून कणीस निघून हिरवं असताना दांडे पाण्याच्या १०-१५ सेंमी खाली कापायचे, आणि फुटवे आले की महिन्याने पुन्हा. कंद बुडून गुदमरतो. पाण्याच्या वर कापलं तर नुसती छाटणी झाली, पुढच्या वर्षी दुप्पट.

काठावरची लागवड जूनमध्ये करायचा मोह टाळा. वृक्षारोपणाचे फोटो तेव्हा छान येतात, पण नवे ठोंब पहिल्याच पुरात वाहतात किंवा बुडून सडतात. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, पूर ओसरल्यावर लावा. थंडीत वाढ थांबायच्या आत सहा-आठ आठवडे मिळतात. काठाच्या वरच्या अंगाला वाळा, ओलीत लव्हाळा आणि वेखंड, १०-२० सेंमी पाण्यात नळ. पान पाण्याच्या वर एक तृतीयांश तरी राहिलं पाहिजे. जांभळी पाणकोंबडी कोवळे कोंब उपटून खाते, शेळ्या उरलेले, म्हणून दोन महिने जाळी लागते. झाडं पूररेषेच्या वर: वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. ठोंब जवळच्याच ओढ्यातून आणा, अभयारण्यातून नाही.

पहाटेचं वाचन

विरघळलेला प्राणवायू दुपारी मोजून कागदावर छान दिसतो. शेवाळाने भरलेल्या पाण्यात दुपारी तीनला १२ मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि त्याच पाण्यात पहाटे साडेपाचला १ असं होऊ शकतं. म्हणून मोजणी सूर्योदयाआधी, वरच्या थरात आणि तळापासून २० सेंमीवर. २ च्या खाली गेलं की मासे तोंड वर काढतात. पारदर्शकता बघायला २० सेंमी व्यासाची स्टीलची ताटली, तिचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवून, दोरीला बांधून सोडा. ३० सेंमीच्या आत दिसेनाशी झाली तर शेवाळ जास्त झालं. संध्याकाळी सामू (पीएच) ९ च्या वर जात असेल तर तेव्हाच अमोनिया तपासा, कारण त्या सामूला तो माशांना विषारी होतो. जिवाणूंच्या कल्चरच्या पावडरी आणि कारंजी यांवर माझा फार विश्वास नाही. पाणी येतं तिथे घाण कमी केल्याशिवाय त्यांचा परिणाम महिनाभराच्या पलीकडे टिकत नाही.

डासांसाठी गंबुसिया सोडायला सांगणारे भेटतील. तो परदेशी मासा बेडकांची अंडी आणि स्थानिक माशांची पिल्लं खातो. नाल्यातले स्थानिक बारीक मासे तेच काम करतात. तिलापिया आणि थाय मांगूर कुणी सोडत नाही ना, इकडेही लक्ष हवं.

पावसाळ्यात दोन-तीन दिवस कडक ऊन पडून मग आभाळ भरून आलं की पहाटे मासे वर येण्याची शक्यता जास्त असते. अशा वेळी तुरटी, चुना, पोटॅशियम परमँगनेट काही टाकायचं नाही. वरून येणारं पाणी चेंबरवर वळवा, बर्गे बसवलेले असतील तर सगळ्यात खालचा थोडा उचलून तळाचं पाणी सोडा, आणि पाच अश्वशक्तीचा पंप काठाला लावून पाणी हवेत उडवत परत आत पाडा, सूर्य चांगला वर येईपर्यंत. पाव आणि कणकेचे गोळे घेऊन आलेल्या मंडळींना त्या सकाळी हात जोडून परत पाठवावं.